एक खड्डा, चार कामं: खोली ठरवण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोरेगाव पश्चिमेला तळमजला अधिक ४ मजल्यांची जुनी सोसायटी, २५ बिऱ्हाडं. मागच्या अंगणात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचतं. समितीनं ठरवलंय की इमारतीपासून ४ फुटांवर ६ बाय ६ फुटांचा, ८ फूट खोल असा एकच खड्डा जेसीबीनं मारून घ्यायचा. गच्चीचं पाणी त्यात सोडायचं, नव्या लिफ्टचं अर्थिंग त्यातच उतरवायचं, एका बाजूला ओला कचरा जिरवायचा आणि वाळलेल्या आंब्याच्या जागी नवं झाड त्याच्या कडेला लावायचं. तुम्ही विचारताय की ८ फूट पुरेत का, की १० करू.

खोलीचं उत्तर सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: खड्ड्यात काय जाणार आणि तिथून ते कुठे जाणार, आणि खाली नेमकी कसली जमीन आहे. तुमची चारही कामं चांगली आहेत, पण मातीकडून त्यांच्या मागण्या एकमेकींच्या उलट्या आहेत. पाणी जिरवायच्या खड्ड्यात, म्हणजे शोषखड्ड्यात, पाणी लवकर उतरायला हवं. अर्थिंग म्हणजे बिघाडाची वीज जमिनीत सोडणारी पुरलेली नळी; तिथे ओलावा टिकायला हवा आणि माती नळीला घट्ट चिकटून बसायला हवी. कंपोस्टला हवा लागते, साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. झाडाला ओल आणि हवा दोन्ही हवी, वर आसपासची जमीन मुळांना फोडता येईल इतकी मोकळी हवी. एकाच खड्ड्यात चौघांना बसवलंत तर चारही कामं अर्धवट होतील.

मुंबईत कुठलाही ठोकताळा चालत नाही, कारण जमीन दर पाचशे मीटरवर बदलते. मूळ खडक बेसॉल्टचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर त्याच खडकाचे उभे खांब तिथे उघडे दिसतात. टेकडीच्या बाजूला ३-४ फुटांवरच मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. लिंक रोडच्या पश्चिमेला, मालाड-गोरेगावच्या खाडीकडच्या पट्ट्यात बऱ्याच जागी वर भरणी आणि खाली खाडीची करडी-काळी चिकणमाती असते. तुमचा प्लॉट यातला कुठला, हे इथून सांगता येणार नाही. म्हणून आधी चाचणी खड्डा घ्या.

३ बाय ३ फूट, खोली ४ फूट. जेसीबी नाही, माणसांनी टिकाव-फावड्यानंच. याचं पहिलं कारण सुरक्षेचं: जुन्या सोसायटीच्या मागच्या अंगणात विजेची केबल, गॅसची पिवळी पाइप, टाकीकडे जाणारी पाण्याची लाइन आणि जुनं ड्रेनेज यातलं काहीही असू शकतं, आणि नकाशा क्वचितच खरा असतो. केबलच्या वर सहसा विटा किंवा फरशा आणि लाल पट्टी टाकलेली असते. खणताना ओळीनं मांडलेल्या विटा लागल्या तर तिथेच थांबा. गॅसची लाइन कुठून जाते हे गॅस कंपनीकडून आणि वीज कुठून येते हे वीज कंपनीकडून लेखी विचारून घ्या. दुसरं कारण असं की हातानं खणलं की थर दिसतात. जेसीबीचा बकेट सगळं एकत्र कालवून बाहेर काढतो.

खणताना दर फुटाला मूठभर माती वेगळी काढून ठेवा. विटांचे तुकडे, प्लास्टिक, टाइल्स निघत असतील तर ती भरणी. पिवळसर-लालसर, हातात दाबली की चुरा होणारी, खरखरीत असेल तर मुरूम. करडी, साबणासारखी गुळगुळीत, दोन तळव्यांत वळली की शेवयांसारखी लांब वळी निघते, मधे शिंपल्यांचे तुकडे आणि खाडीचा वास, तर ती समुद्री चिकणमाती. काळी, कुजकट वासाची, भुसभुशीत माती लागली तर काम थांबवा. जुन्या इमारतींना ड्रेनेजचं कनेक्शन मिळण्याआधी सेप्टिक टाकी असायची, ती अनेकदा वर फरशी घालून तशीच सोडलेली असते. तिच्यात माणूस उतरवायचा नाही. आत विषारी वायू असतो आणि संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सोसायटीची समितीही त्यातून सुटत नाही.

आता जिरवण चाचणी. चाचणी खड्ड्याच्या तळाशी आणखी एक छोटा खड्डा घ्या, १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल. फावड्यानं त्याच्या बाजू गुळगुळीत लिंपल्या जातात आणि मग पाणी मुरत नाही, म्हणून त्या सुरीनं खरवडा. तळाशी २ इंच बारीक खडी टाका, म्हणजे पाणी ओतताना माती ढवळणार नाही. संध्याकाळी तो छोटा खड्डा भरा आणि रात्रभर पुन्हा पुन्हा भरत राहा. कोरडी माती पहिलं पाणी भराभर पिते आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवला की पुढे पस्तावायला होतं. सकाळी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी राहील इतकं भरा, खुणा केलेली काठी उभी रोवा आणि अर्ध्या तासानं पातळी किती उतरली ते मोजा. पुन्हा भरा, पुन्हा मोजा. लागोपाठ दोन आकडे सारखे आले की तो तुमचा आकडा. अर्ध्या तासात २५ मिलिमीटर उतरलं तर जमीन कामाची आहे. २५ मिलिमीटरला तासाच्या वर लागत असेल तर तिथे शोषखड्डा करण्यात अर्थ नाही.

एवढ्यावर थांबू नका. मे महिन्यात जिरणारी जमीन जुलैत जिरेलच असं नाही, कारण खाडीकडच्या सखल भागात भर पावसाळ्यात भूजल वर येऊन बसतं. चाचणी खड्डा बुजवताना त्यात ४ इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवा. खालच्या २ फुटांना ड्रिलनं भोकं पाडा, बाहेरून नायलॉनची जाळी गुंडाळा आणि वर झाकण लावा. जुलैच्या मध्यात दोन पावसांच्या उघडिपीत टेपच्या टोकाला नट बांधून आत सोडा आणि पाणी किती फुटांवर लागतं ते लिहून ठेवा. ३ फुटांवरच पाणी असेल तर ८ फुटी खड्ड्यातली खालची ५ फुटं आधीच भरलेली असणार. म्हणजे खोली वाढवून काहीच मिळणार नाही. शोषखड्ड्याच्या तळाखाली दीड-दोन मीटर कोरडी जमीन उरायला हवी, ही साधी अट लक्षात ठेवा.

चाचणी उत्तम आली असं धरून चालू आणि हिशेब करू. तुमची गच्ची साधारण ४०० चौरस मीटर धरतो, तुम्ही मोजून खरा आकडा घाला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. मुंबईच्या नव्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरून आखतात, जुन्या २५ धरून आखलेल्या होत्या. ५० च्या सरीत गच्चीवरून, थोडी घट वजा केली तरी, तासाला १७,००० लिटर पाणी खाली येईल. ६ बाय ६ बाय ८ फुटांचा खड्डा म्हणजे साधारण ८,१०० लिटर. त्यात डबर (मोठे दगड) आणि खडी भरली की मोकळी जागा ४० टक्के, म्हणजे सव्वातीन हजार लिटर. अशा सरीत तो ११-१२ मिनिटांत भरतो. भरल्यावर जिरतं किती? अर्ध्या तासात २५ मिलिमीटरच्या वेगानं, तळ आणि ओल्या बाजू धरून, तासाला फार तर ९०० ते १,००० लिटर. येतंय १७,००० आणि जातंय १,०००.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. अंगणात पाणी तुंबण्यावर शोषखड्डा हा उपाय नाही. समितीचा मुख्य हेतू तोच असेल तर पैसा चुकीच्या जागी जातोय. आणि भूजलभरण म्हणून खड्डा घ्यायचाच असेल तर त्याला जादा पाणी बाहेर काढणारा पाइप हवाच, नाहीतर तोच खड्डा अंगणात पाणी ओकेल. तरीही भूजलभरण निरुपयोगी नाही. जून ते सप्टेंबर सांताक्रूझला सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्या गच्चीवरून साडेसात लाख लिटर येतं आणि रिमझिम सरींचं बरंचसं पाणी खड्डा आरामात गिळतो. फक्त मोठ्या सरीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

मग अंगणातलं पाणी? त्यासाठी आधी पातळ्या मोजा. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि मागच्या अंगणाचा सगळ्यात सखल बिंदू, पुढचं गेट आणि रस्त्यावरच्या पावसाळी गटाराचं चेंबर यांची उंची ताडून पाहा. जुन्या सोसायट्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा निघतं ते हे की रस्ता डांबराच्या थरांनी आणि पुढे काँक्रिटीकरणानं उंच झाला आणि अंगण खाली राहिलं. गटाराची पातळी अंगणाखाली असेल तर काम सोपं: १०० फुटांना १ फूट उतार देऊन जाळीचा चर काढा आणि चेंबरला जोडा. मधे जुनं चेंबर गाळानं भरलेलं असेल तर कधी कधी तेवढं साफ करूनच प्रश्न संपतो, म्हणून तेही आधी उघडून पाहा. गेटबाहेर रस्ता खणावा लागणार असेल तर वॉर्ड ऑफिसातून चर खोदण्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ती सहसा मिळत नाही. गटारच वर असेल तर सखल बिंदूवर ३ बाय ३ बाय ४ फुटांचा पक्का संप (पाणी गोळा करायची जमिनीखालची टाकी) घ्या, तळाला एका कोपऱ्यात उतार द्या, त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा, पंप बसवा आणि पाणी पावसाळी लाइनला सोडा. सांडपाण्याच्या लाइनला नाही, नाहीतर तळमजल्याच्या संडासातून ते उलटं वर येईल. पंप हॉर्सपॉवर पाहून घेऊ नका. तुमच्या उंचीला तासाला किती लिटर उपसतो हे पाहून घ्या, आणि वीज गेली तर काय, याचं उत्तर ठेवा.

पाणी जिरवण्याऐवजी हाताळायचं, हेच महापालिकेनं दादरजवळच्या, पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता भागासाठी केलं. सखल जागी पाणी जिरवायचा प्रयत्न न करता प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधून पाणी तिथे धरून ठेवलं जातं आणि नंतर सोडलं जातं. जिथे जमीन पीत नाही तिथे साठवायचं, हा विचार तुमच्या अंगणालाही लागू पडतो. तुमच्याकडे चिकणमाती निघाली तर शोषखड्ड्याऐवजी जमिनीखाली साठवण टाकी घ्या आणि ते पाणी फ्लशला, झाडांना, गाड्या धुवायला वापरा. मात्र एक धोका आधी सांगतो. भूजल वर असलेल्या जागी रिकामी टाकी खालून उचलली जाते. ८ घनमीटरच्या टाकीला पाणी खालून ८ टन जोरानं ढकलतं. प्लास्टिकची टाकी पुरून वर नुसती माती लोटली तर ती जुलैत फरशी फोडून वर येते, आणि आरसीसीची हलकी टाकी तिरकी होऊन जोड फुटतात. म्हणून तळाचा स्लॅब जड, बाजूंना बाहेर काढलेला आणि त्यावर माती दाबलेली असावा, आणि टाकी साफ करायला पावसाळ्यात कधीही पूर्ण रिकामी करू नये. साफसफाई एप्रिल-मेमध्येच.

शोषखड्ड्याचं बांधकाम थोडक्यात. खालून वर: १५० ते २०० मिलिमीटरचा डबर, त्यावर ४० मिलिमीटरची खडी, मग २० ची, सगळ्यात वर फूटभर जाड रेती, आणि रेती-खडीच्या मधे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण रेती अडवणारं कापड). घरांच्या तोडफोडीचं डेब्रिज फुकट मिळतं म्हणून त्यात टाकू नका. प्लास्टरची भुकटी आणि चुना पहिल्याच पावसात फटी बंद करतात. बाजूंना विटांचं जाळीचं बांधकाम, वरचा दीड फूट भरीव, म्हणजे अंगणातली माती आत ढासळत नाही. खड्ड्याआधी गाळ बसायला २ बाय २ फुटांचं चेंबर हवं. वर आरसीसी झाकण आणि श्वास घ्यायच्या पाइपला बारीक जाळी लावा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि आठवडाभर पाणी उभं राहिलं की अंड्यांपासून डास तयार. पाऊस थांबल्यावर ४८ तासांत खड्डा रिकामा झाला नाही तर वरची रेती चोंदली असं समजा. दर मेमध्ये वरची ३-४ इंच रेती खरवडून नवी टाका. एवढी एक देखभाल चुकली की तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात खड्डा मरतो.

पाणी जोडण्याआधी एक तपासणी नक्की करा. कोरड्या दिवसात, सकाळी आठच्या सुमाराला, गच्चीच्या पावसाळी पाइपांच्या तळाशी उभे राहा. पाइपातून पाणी येत असेल तर ते पावसाचं नाही. कुणीतरी ड्राय बाल्कनीचं किंवा वॉशिंग मशीनचं आउटलेट त्याला जोडलेलं आहे. आमच्या व्यवसायात हे इतकं नेहमीचं आहे की मी ही तपासणी केल्याशिवाय शोषखड्ड्याचं डिझाइन देत नाही. साबणाचं पाणी भूजलात सोडायचं नाही आणि त्याचा फेस-चिकटा महिन्याभरात रेती बंद करतो. पार्किंगमधलं तेलकट पाणीही बाहेरच ठेवा. आणि आवारात जुनी विहीर आहे का ते शोधा. झाकून त्यावर कट्टा बांधलेली विहीर गोरेगाव-मालाडकडे बऱ्याच जुन्या वाड्यांत असते. ती मिळाली तर नवा खड्डा कशाला? गाळून घेतलेलं गच्चीचं पाणी तिच्यात सोडणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं भूजलभरण.

अर्थिंगकडे वळू. त्यासाठी जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप साधारण अडीच-तीन मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर छोटं चेंबर आणि पाणी घालायला नरसाळं. याचं काम चालतं ते मातीशी घट्ट संपर्क असल्यामुळे. डबराच्या खड्ड्यात तो उभा केलात तर नळीभोवती बहुतांश हवा राहील आणि फॉल्टच्या वेळी वीज जमिनीत नीट जाणार नाही. शिवाय मीठ भूजलात उतरेल ते वेगळंच. म्हणून अर्थिंग शोषखड्ड्यापासून ४-५ मीटर लांब आणि इमारतीपासून किमान दीड मीटर दूर घ्या. दोन अर्थिंग असतील तर त्यांच्यामधलं अंतर किमान एका पाइपच्या लांबीइतकं. खाली कातळ लागून पाइप पूर्ण उतरत नसेल तर तो कापून आखूड करू नका. तांब्याची किंवा जीआयची पट्टी चर काढून आडवी पुरता येते, लिफ्टच्या ठेकेदाराला तसा पर्याय विचारा. अर्थिंगचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजायचा तो मेच्या अखेरीस, जमीन सगळ्यात कोरडी असताना. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा कुणाचाही चांगलाच येतो. चेंबरवर तारीख आणि आकडा रंगवून ठेवा.

कंपोस्टसाठी माझं मत ठाम आहे: मुंबईत खड्डा नकोच. खड्ड्यातलं खत कोरड्या मुलखात जमतं. इथे चार महिने त्यात पाणी उभं राहतं, हवा संपते, कचरा कुजण्याऐवजी सडतो आणि वास-अळ्यांच्या तक्रारी सुरू होतात. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत याच कारणानं कामाची. १० बाय ६ बाय ३ फुटांची विटांची टाकी जमिनीवर बांधायची, भिंतींत हवेसाठी भोकं सोडायची. तुम्हाला एवढी मोठी नको. २५ घरांचा ओला कचरा साधारण दिवसाला १२ किलो धरला तर १ मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या दोन टाक्या पुरतात. एक भरायची, दोनेक महिन्यांनी ती मुरायला सोडून दुसरी सुरू करायची. वर पत्र्याचं छप्पर अत्यावश्यक. एक घमेलं ओल्या कचऱ्यावर दीड-दोन घमेली सुका पाला, तोही आधी गोळा करून गोण्यांत साठवलेला, कारण जुलैत सुका पाला मिळत नाही. वास आला की पाला वाढवा आणि ढवळा, पाणी शिंपडू नका.

झाड. वाळलेला आंबा तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पूर्ण वाळला असला तरी. नव्या झाडाचा खड्डा शोषखड्ड्याच्या कडेला नको, कारण मुळं ओलीच्या दिशेनंच जातात आणि जाळीच्या भिंतीत घुसतात. किमान ४-५ मीटर अंतर ठेवा. आकार ३ बाय ३ बाय ३ फूट ठीक, पण आकारापेक्षा कडा महत्त्वाच्या. मुरमात गुळगुळीत बाजूंचा खड्डा खणून त्यात शेणखत मिसळलेली उत्तम माती भरली की ती जागा पुरलेल्या कुंडीसारखी होते. पाणी आत साठतं, मुळं आतल्या आतच गोल फिरतात आणि सहा-सात वर्षांनी भरलेलं झाड वादळात मुळांसकट आडवं होतं. म्हणून पहारीनं बाजू ओबडधोबड करा, तळ फूटभर फोडून ठेवा आणि भरताना निघालेल्या मुरमाचा निम्मा भाग परत मिसळा. तळाशी खडीचा थर देऊ नका, त्यानं निचरा होत नाही, उलट पाणी वरच्या मातीत अडकून राहतं. खड्डे एप्रिलमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावेत आणि रोप जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावं. भरलेली माती खाली बसते, म्हणून बुंध्याची मान जमिनीपेक्षा ३-४ इंच वर ठेवा. तिच्यावर माती चढली तर साल कुजते. अंगण लहान आहे, तेव्हा बकुळ, ताम्हण किंवा बहावा घ्या. गुलमोहर आणि सोनमोहर पावसाळ्यात फार पडतात, इमारतीजवळ नकोत. बुंध्याभोवती किमान १ मीटर जागा फरसबंदीशिवाय उघडी राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी इतकं लिहायला बसलो. इमारतीपासून ४ फुटांवर ८ फूट खोल खणू नका. तुमच्या इमारतीचा पाया किती खोल आहे, कॉलमच्या फुटिंगची (खांबाखालच्या पसरट पायाची) कड कुठे आहे, हे माहीत नाही. फुटिंगच्या तळाच्या कडेपासून बाहेरच्या दिशेनं ४५ अंशांत खाली उतरणारी रेषा काढा. त्या रेषेखाली तुमचा खड्डा गेला तर पायाचा भार पेलणारी माती तुम्ही काढून घेताय. पाया ५ फुटांवर असेल आणि तुम्ही ८ फूट खणताय, तर फुटिंगच्या कडेपासून ३ फूट दूर ही केवळ कागदावरची किमान मर्यादा झाली. फुटिंग कॉलमच्या बाहेर ३-४ फूट पसरलेलं असतं हे विसरू नका. शोषखड्डा असेल तर अंतर आणखी हवं, कारण पायाजवळ सतत पाणी मुरत राहिलं की माती मऊ होते आणि इमारत एका बाजूनं बसते. सांडपाण्याच्या शोषखड्ड्याला भारतीय मानकात राहत्या इमारतीपासून ६ मीटर सांगितलेत. पावसाच्या पाण्यासाठीही मी तेवढेच धरतो आणि जागाच नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय कमी करत नाही. सोसायटी ८०-९० च्या दशकातली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असेलच, त्यात पायाची माहिती शोधा.

खणणाऱ्या माणसांचंही तितकंच. भरणीच्या जमिनीत उभी बाजू दिसायला पक्की दिसते आणि काही सूचना न देता ढासळते. १ घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन. छातीपर्यंत माती आली तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल गेलं की बाजूंना फळ्या आणि टेकू हवेतच, किंवा बाजू पायऱ्यांनी उतरत्या खणायच्या. निघालेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब. शिडी आत उभी ठेवायची, एकटा माणूस आत नको, रात्री पत्रे लावून दिवा ठेवायचा, मुलं संध्याकाळी अंगणातच खेळतात. पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीही उतरण्याआधी कडांना भेगा पडल्यात का पाहायचं. जेसीबीचं चाक कडेजवळ आलं की ती कड गेली, म्हणून यंत्र कुठे उभं राहणार हे आधी ठरवा. मातीचा हिशेबही ठेवा: तुमच्या खड्ड्यातून जागेवर २.९ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघेल, पण बाहेर पडल्यावर ती फुगून पावणेचार ब्रासच्या आसपास होईल. ठेकेदार दर जागेवरच्या मापानं लावतोय की ट्रकच्या, हे आधी लिहून घ्या. वाद नेहमी इथेच होतो.

खर्चाचा क्रम मी असा लावेन. आधी पातळ्या मोजणं आणि जुनी चेंबरं साफ करणं, कारण ते जवळजवळ फुकट आहे. सोबत चाचणी खड्डा आणि पावसाळी पाइपांची तपासणी. मग उताराचा चर किंवा संप, जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पूर्ण. अर्थिंग लिफ्टच्या कामाबरोबर, स्वतंत्र जागी. कंपोस्टच्या टाक्या छपरासह. झाड जूनअखेर. शोषखड्डा या वर्षी नकोच. जुलैत पाइपातली पाण्याची पातळी मोजा, ऑक्टोबरात निर्णय घ्या आणि काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा, तेव्हा भूजल खाली असतं आणि कडा कोरड्या असतात.

जेसीबीवाल्याला सध्या नाही म्हणा, आगाऊ रक्कम दिली असेल तर ती चराच्या कामाला वळती करून घ्या. चाचणीत निघालेल्या मातीचं वर्णन, अर्ध्या तासाचा आकडा, जुलैतली पाण्याची पातळी आणि अंगण-रस्ता यांतला उंचीचा फरक इतकं इथे लिहा. गच्चीचं खरं क्षेत्रफळही. त्यावरून शोषखड्डा की टाकी, आणि खोली किती, हे सांगता येईल.